स्टुलावरचा ग्लास

वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर माझं नाव लागलं, तेही अकराव्या क्रमांकावर. शाळेत असताना कुठल्या निकालात माझं नाव फळ्यावर आलं नव्हतं, ते साठी उलटल्यावर आलं. वर ठळक मथळा होता, ‘या घरमालकांपासून सावध राहा’. भाडेकरू मंडळानं गेले दोन महिने कामाच्या ठिकाणी फॉर्म वाटले होते, त्यावरून ही यादी तयार केली होती. प्रत्येक नावापुढे पाच रकाने होते. भाडं जास्त, अनामत परत देत नाही, दुरुस्ती करत नाही, पावती देत नाही, आणि शेवटचा, न सांगता घरात शिरतो. माझे चार रकाने कोरे होते आणि पाचव्यात फुली होती.

मी प्लंबर. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत आडवा पडून कंबर मोडून घेतली, त्यातून खालचं घर झालं आणि नंतर वरच्या दोन खोल्या. गल्लीत मला नळवाले काका म्हणतात. ‘घरमालक’ अशी कुणी हाक मारली तर मी मागे वळून बघेन, कोण आलंय म्हणून.

पण हल्ली हवाच तशी होती. न्हाव्याकडे गेलो तर तो माझ्या मानेवर वस्तरा ठेवून म्हणाला, “तुमचं काय बुवा, बसून खायचं काम.” त्याच्या मते घर भाड्यानं देणं हा धंदा नव्हेच, नुसती लूट. मी हललो नाही, वस्तरा मानेवर होता. बसून खाल्लं असतं तर एवढे वाकडे गुडघे कशाला झाले असते, हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. माझी चांगली उत्तरं नेहमी घरी पोचल्यावरच सुचतात.

एका वर्षात आमच्या गल्लीतले तिघे या बोलण्याला कंटाळले. शिंपी म्हणाला, शिव्याही खायच्या आणि गळकी छपरंही आपणच शाकारायची, कुणी सांगितलंय? त्यानं घर विकून टाकलं. मग शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी, मग कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यानं. तिन्ही घरं एकाच कंपनीनं घेतली. दारांना राखाडी रंग लावला, भिंतींना नवा गिलावा केला आणि भाडं दीडपट झालं. चष्मेवाल्याकडे अकरा वर्षं राहिलेलं कुटुंब शहराबाहेर गेलं. त्या कंपनीचं नाव यादीत नव्हतं. यादी माणसांची होती आणि कंपनीला तोंडच नाही, मग फुली मारणार कुणापुढे? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, असं मी फळ्यापुढे उभा राहून स्वतःला सांगितलं.

वरच्या खोल्यांत गेली सहा वर्षं एक मुलगी राहते. मुलगी कसली, पस्तिशीची बाई आहे, पण मला सगळे नळ आणि सगळे भाडेकरू लहानच वाटतात. ती रात्रीची बस चालवते. पहाटे घरी येते आणि दुपारी दोनपर्यंत झोपते. सहा वर्षांत मी तिचं भाडं एका पैशानं वाढवलं नाही, आणि हे मी चारचौघांत सांगायला कधी विसरलो नाही.

बायकोला मी यादीचं सांगितलं, आणि कंपनीच्या माणसानं देऊन ठेवलेला घरखरेदीचा कागदही कपाटातून काढला.

“विकून टाकतो. बसा म्हणावं बोंबलत.”

ती भाजी निवडत होती. “अहो, डोक्यात राख घालून घेऊ नका. आधी सांगा, तुम्ही शिरता का न सांगता?”

“मी शिरत नाही. मी नळ बघायला जातो.”

“सांगून?”

“ती झोपलेली असते. सांगायला तिला उठवू?”

बायकोनं भाजीची पुढची जुडी ओढली. एवढ्या वर्षांत तिनं न बोललेली वाक्यं मला बोललेल्यांपेक्षा महाग पडली आहेत.

माझं म्हणणं साधं होतं. गळती दिसायला लागली म्हणजे उशीर झालेला असतो, ती दिसायच्या आधी पकडायची. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अकराच्या सुमाराला मी वर जायचो. दार वाजवलं तर दमून झोपलेल्या पोरीची झोपमोड होईल, म्हणून माझ्याजवळच्या किल्लीनं लॅच हलकेच उघडायचो; दाराला आतून कडी नव्हतीच. चपला जिन्यातच काढायचो. मोरीतले नळ बघायचे, वॉशर झिजला असेल तर बदलायचा, फरशी पुसायची आणि आल्या पावली परत. तिला पत्ताही लागत नाही, असा मला अभिमान होता.

त्या दिवशी चार वाजता मी कागद खिशात घालून वर गेलो आणि पहिल्यांदाच दार वाजवलं.

“कोण आहे?”

“मी. खालचा.”

दार उघडायला वेळ लागला. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. ती गणवेशाला इस्त्री करत होती. मी बसलो नाही.

“घर विकायचं म्हणतोय. तुला आधी सांगावं म्हणून आलो.”

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. “कंपनीला?”

“दुसरं कोण घेतंय?”

“मग मला जावं लागेल.” आवाज शांत होता, पण हात गणवेशावरून उगाच फिरत होता. “लांब राहून चालत नाही हो काका. शेवटची बस मीच चालवते, मग मला घरी कोण सोडणार?”

हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच आलो होतो, एवढा माझा राग मोठा होता. मी म्हणालो, “यादी बघितलीस? माझ्यापुढे फुली आहे. कुणी मारली कळत नाही.”

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. म्हणाली, “मी.”

मला वाटलं होतं, कुणीतरी खोडसाळपणा केला असेल.

“डेपोत फॉर्म दिले होते,” ती म्हणाली. “त्यावर नाव लिहायचं नव्हतं, नुसता पत्ता. यादी लावणार हे नव्हतं सांगितलं. बाकीच्या चार ठिकाणी मी ‘नाही’ लिहिलंय काका. पाचव्याला खोटं लिहवेना.”

“अगं, पण मी तुझी झोपमोड नको म्हणून...”

“मी जागी असायचे.”

तिनं दाराजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. स्टुलावर एक स्टीलचा ग्लास पालथा ठेवलेला होता. ते स्टूल मला चांगलं माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा दार ढकललं तेव्हा ते आडवं झालं होतं आणि ग्लास खणखणत मोरीपर्यंत गेला होता. काय गबाळी पोरगी आहे, दारात कुणी स्टूल ठेवतं का, असं म्हणत मी तो उचलून परत जागेवर ठेवला होता. एवढ्या आवाजानंही ती उठली नाही, म्हणजे गाढ झोपलीय, असंच मला वाटलं होतं. पुढच्या वेळेपासून मी दार बोटभर उघडून आधी आत हात घालायचो, ग्लास अलगद धरायचो आणि मग स्टूल सरकवायचो. तिची झोप मोडू नये म्हणून.

“तो तुमच्यासाठी नव्हता ठेवला,” ती म्हणाली. “एकटी राहते, दिवसा झोपते. कुणी शिरलं तर कळावं म्हणून ठेवला. मग तुमचा हात दिसायला लागला. आतल्या खोलीतून मला नुसता हातच दिसायचा. तुमचाच आहे हे माहीत असायचं. तरी दर वेळी, हात कुणाचा ते नीट दिसेपर्यंत, मी श्वास रोखून पडायचे.”

सहा वर्षं म्हणजे बहात्तर मंगळवार. हा हिशेब मी न करता झाला.

“मला एकदा बोलली का नाहीस?”

“एवढ्या भाड्यात दुसरीकडे जिनासुद्धा मिळत नाही. आणि सगळे सांगतात, नळवाले काका किती चांगले. तुम्ही चांगले आहातच. पण चांगल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?”

मला राग यायला हवा होता, तो आला नाही. लाज वाटली, आणि ती सरळ वाटली, इकडेतिकडे न बघता. ज्या कमी भाड्याची मी गावभर फुशारकी मारत होतो, त्यानंच मी तिचं तोंड बंद केलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दाबणारा हात मला माझा वाटलाच नव्हता.

मी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. वरच्या खोलीची किल्ली जुन्या कडीत घट्ट बसली होती, नखानं निघेना. तिनं इस्त्रीशेजारची कात्री दिली. किल्ली काढून मी टेबलावर ठेवली.

“नळ गळला तर सांग,” म्हणालो.

“आणि घर?”

“घर कुठे जातंय.”

खाली येऊन कागद बायकोच्या भाजीच्या देठांखाली टाकला. तिनं देठांसकट गुंडाळून फेकून दिला, विचारलंही नाही.

फळ्यावरचं नाव तसंच राहू दिलं. मंडळात जाऊन रडगाणं गाणारे दोघेतिघे होते, मी गेलो नाही. न्हाव्यानं विचारलं, “तुमच्यावर अन्याय झाला म्हणतात?” मी म्हणालो, “बरोबर लिहिलंय.” या वेळी उत्तर तिथल्या तिथे सुचलं. तो वस्तरा चामड्यावर घासायला लागला.

त्यानंतरचे दोन मंगळवार मी घरात बसून काढले. हाताला अशी खाज सुटायची की बायकोनं मला स्वयंपाकघरातला चांगला चालणारा नळ दोनदा खोलून पुन्हा बसवू दिला. तिसऱ्या महिन्यात वरची मोरी ठिबकायला लागली. आमच्या स्वयंपाकघरातल्या पाइपातून मला ते ऐकू येतं, मिनिटाला नऊ थेंब. चार दिवस मी ते थेंब मोजत बसलो आणि जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती खाली आली. “काका, नळ गळतोय. आत्ता वेळ आहे का?”

पाना घेऊन मी तिच्या मागोमाग गेलो. दार तिनं उघडलं. स्टूल खिडकीपाशी गेलं होतं, त्यावर तिचे बूट ठेवले होते. काम दहा मिनिटांचं होतं, मी वीस लावली. निघताना तिनं पाणी दिलं, त्याच ग्लासात. पिताना ओठाला काहीतरी लागलं म्हणून पाहिलं. काठाला एक पोचा होता, जुना, सहा वर्षांपूर्वीचा. मी ग्लास फिरवून घेतला नाही, तिथूनच पाणी प्यायलो.