अकरा पानांची छाटणी

कोशाच्या कचेरीत त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘फाटेसाहेब’. आडनावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सरळ चाललेल्या बोलण्याला ते एक फाटा फोडत, त्या फाट्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, आणि ऐकणारा बिचारा शेवटी परतीची वाट शोधत बसे. माणूस मात्र लोण्यासारखा. कुणाचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर येई. माणसांचं सोडाच, वाक्याचंही मन त्यांना मोडवत नसे. एकदा कागदावर उतरलेलं वाक्य म्हणजे दारात आलेला पाहुणा, त्याला ‘निघा’ कसं म्हणायचं?

आता देवाची लीला बघा. अशा माणसाच्या वाट्याला क्रियापद आलं ते ‘पुतारे’. लॅटिन शब्द. अर्थ, छाटणे.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीभर लाकडी खण, खणांत कार्डं, कार्डावर एकेक लॅटिन शब्द आणि जुन्या ग्रंथांतून वेचलेली वाक्यं. हा कोश सरांनी उभा केलेला. सर म्हणजे फाटेसाहेबांचे गुरू. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी खणांच्या किल्ल्या याच शिष्याच्या हातात ठेवल्या होत्या. चालू खंडातलं जवळजवळ प्रत्येक कार्ड सरांच्या हातचं होतं. ‘एवढा खंड एकदा डोळ्यांनी वाचला की मी मोकळा,’ असं ते म्हणत. फक्त हा एक शब्द शिष्याने लिहायचा राहिला होता, आणि शिष्य वर्षभर तो लिहीत होता.

शुक्रवारी छापखान्याच्या मॅनेजरबाई स्वतः जिने चढून वर आल्या. धापा टाकत खुर्चीत बसल्या.

“साहेब, सगळा खंड छापून गठ्ठे बांधून पडलाय. शेवटचं पान तेवढं अडलंय. त्यावर दीड स्तंभ जागा आहे. तुमचा मजकूर किती?”

“तसा फार नाही. म्हणजे मूळ मजकूर, त्यावरच्या टिपा, त्या टिपांमधल्या काही वादग्रस्त…”

“किती?”

“अकरा पानं.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आणि शब्दाचा अर्थ काय म्हणालात?”

“छाटणे. पण तो मूळ अर्थ हं. वेल छाटायची, झाडाचं वाळलेलं-वाढलेलं काढून ते साफ करायचं. मग त्यावरून हिशेबातला घोळ काढून तो चोख करणे. आणि त्यावरून पुढे विचार करणे, मानणे. तुमचा तो कॉम्प्युटरसुद्धा याच घराण्यातला बरं का. म्हणजे बघा, हात कापतात त्या ऑपरेशनचं ‘अँप्युटेशन’ हे नाव आणि…”

“झालं की!” बाईंनी हात वर केला. “चहा निवायच्या आत सांगून झालं. एवढंच लिहा.”

“एवढंच? आणि पुरावे? सरांनी जन्मभर वेचलेली वाक्यं? त्यातलं एक काढलं तर दुसऱ्याला काय वाटेल?”

“वाक्याला?”

“हो.”

बाई उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी आवाज खाली आणला. “सोमवारी सकाळी मजकूर आला नाही तर यंत्र दुसऱ्या कामाला लागेल. मग आपली पाळी थेट पुढच्या वर्षी. साहेब, सरांचं वय किती झालं?”

फाटेसाहेबांनी तोंड उघडलं. एकही फाटा फुटला नाही.

शनिवारभर ते घरी टेबलाशी बसून काटछाट करत होते. त्यांनी एक स्वल्पविराम काढला. मग तो का काढला याचा खुलासा समासात लिहिला. खुलाशात एका जुन्या वादाचा उल्लेख आला, तेव्हा त्या वादातल्या दोन्ही बाजू देणं भाग पडलं. संध्याकाळी मोजलं तर साडेअकरा पानं भरली.

“चहा की कॉफी?” बायकोने आतून विचारलं.

“त्याचं असं आहे, चहाने तरतरी येते हे खरं, पण या वेळेला…”

“चहा टाकलाय,” ती म्हणाली. तिचा हा नेहमीचा रिवाज होता, प्रश्न मनात राहू नये म्हणून विचारायचा आणि उत्तर यायच्या आत आधण ठेवायचं. चहा आणून देताना तिने कागदांवर नजर टाकली. “अहो, लग्नाला होकार कळवायला तुम्ही चार पानी पत्र लिहिलंत. बाबांनी दोनदा वाचलं आणि आईला म्हणाले, ‘मुलगा सज्जन दिसतो, पण हो म्हणतोय की नाही?’ तेव्हाही तुम्हाला कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.”

“पण शेवटी झालं ना लग्न?”

“कारण मी म्हटलं, हो समजा.”

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना तोडगा सुचला. उद्या सरांकडे जायचं. अकरा, आता साडेअकरा, पानं त्यांना वाचून दाखवायची. आपल्या हाताने वेचलेलं एकेक वाक्य ऐकून सर गहिवरतील, छापखान्यात फोन करतील, ‘एक अक्षर कमी करायचं नाही’ म्हणून दटावतील, आणि छापखाना वठणीवर येईल. स्वतःच्या मनाशी मात्र ते म्हणाले, ‘सरांची परवानगी घेतलेली बरी.’ ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, आणि तेही स्वतःपासूनच.

रविवारी सकाळी सरांच्या मुलीने दार उघडलं. सगळे तिला ताई म्हणत. बापाची सेवा करता करता तिच्या जिभेला धार आली होती, पण हात मायेचाच राहिला होता.

“या भाऊ. अंगणातून आलात ना? वेलीने येऊ दिलं?”

अंगणात सरांची द्राक्षाची वेल होती. सर धडधाकट होते तेव्हा दरसाल स्वतः ती छाटत आणि वेल घोसांनी वाकून जाई. डोळे अधू झाल्यावर ही सेवा फाटेसाहेबांनी मागून घेतली होती. दरसाल ते भक्तिभावाने कात्री घेऊन येत, शिडीवर चढत आणि अर्धा दिवस घालवून टोकाची चार वाळकी पानं काढून उतरत. हिरवी फांदी समोर आली की त्यांचा हात आखडे. गुरूंची वेल! वेलीनेही त्यांची माया जाणली. ती मांडवावरून भिंतीवर गेली, भिंतीवरून छपरावर, आणि सरांच्या खोलीच्या खिडकीवर तर तिने गोधडीच पांघरली. द्राक्षं म्हणाल तर पाखराच्या चोचीलाही पुरली नसती.

खोलीत सर खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना विजेचा दिवा सोसत नसे, डोळ्यांतून पाणी येई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खिडकीशी बसा, दिवसाउजेडी थोडं थोडं वाचा. तसे ते रोज बसत आणि रोज पुस्तक मिटून ठेवत.

“कोण? तू का? ये रे. अंधुक दिसतोस. दिवसेंदिवस अंधुकच होत चाललंय सगळं. देवाची इच्छा.”

फाटेसाहेबांनी पाय शिवले, पिशवीतून कागद काढले आणि छापखान्याची अडचण सांगितली. मग शक्य तितक्या करुण आवाजात म्हणाले, “सर, दीड स्तंभात बसवा म्हणतात. तुमचं काम! आधी ऐका, मग तुम्हीच काय ते ठरवा.”

“वाच.”

सरांनी डोळे मिटून हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले. फाटेसाहेबांनी खिडकीकडे कागद तिरपा धरून वाचायला सुरुवात केली. प्रास्ताविकाचा पहिला परिच्छेद झाला.

“काढ,” सर म्हणाले.

“अं?”

“नमनालाच घडाभर तेल. काढ. पुढे?”

पुढे शेतीवरच्या एका जुन्या ग्रंथातली सात वाक्यं होती, सरांनी तरुणपणी वेचलेली.

“पहिलं ठेव. बाकी सहा काढ.”

“सर, ही तुम्ही स्वतः शोधलेली आहेत!”

“म्हणूनच सांगतोय. ती सहाही एकच गोष्ट सांगतात हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तरुण होतो, सापडल्याचा आनंद झाला, ठेवली. तू म्हातारा होत आलास, तुला काय झालं?”

ताई दाराशी पालेभाजी निवडत बसली होती. ती पदराआड हसली.

मग सुरू झाला तो ‘काढ’चा धडाका. टिपा गेल्या. टिपांवरच्या टिपा गेल्या. स्वल्पविरामाचा खुलासा ऐकून सरांनी नुसतं ‘अरे देवा’ म्हटलं, तो काढायला सांगावंही लागलं नाही. प्रत्येक ‘काढ’ला फाटेसाहेबांच्या काळजाला घरं पडत होती. शेवटी त्यांनी आपलं सर्वांत लाडकं वाक्य जपून वाचलं. “‘नको ते काढून टाकल्यावर जे उरतं, त्यालाच विचार म्हणतात.’”



“वा,” सर म्हणाले. “फार सुंदर. काढ.”

“बाबा, मला आवडलं होतं ते,” ताई म्हणाली.

“मलाही आवडलं. पण हे प्रवचन झालं, पोरी. शब्द शोधायला आलेल्याला शब्द द्यावा, प्रवचनाला तो आपल्या पायांनी येईल. आता उरलं ते वाच.”

उरल्या होत्या चार ओळी. वेल छाटणे, साफ करणे, आणि त्याला एक वाक्य. त्यावरून हिशेब चोख करणे. त्यावरून विचार करणे, मानणे. फाटेसाहेबांनी त्या अशा वाचल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणी गेलं आहे.

“आण इकडे. मी बघतो.” सरांनी कागद डोळ्यांशी नेला, खिडकीकडे वळले, मान तिरपी केली, कागद जवळ केला, लांब धरला. हात खाली आला. “नाही रे. चार ओळीही नाही दिसत. डोळे गेले माझे.”

“डोळे नाही गेले बाबा,” ताई उठत म्हणाली. “उजेड गेलाय. कितीदा सांगितलं तुम्हाला, वेल वाढलीय. तुम्ही म्हणता, ‘माझा शिष्य दरसाल छाटतो, वाढेल कशी?’ माळ्याला बोलवते म्हटलं की हे भाऊ रडकुंडीला येतात, ‘सरांच्या वेलीला परका हात नको.’ मी दोघांच्या मध्ये काय डोकं आपटू?”

सरांनी खिडकी ढकलली. ती वीतभर उघडली आणि अडली. त्यांनी फटीतून हात बाहेर घातला आणि बोटांनी चाचपत राहिले. जाड फांदी, तिच्यावर बारीक, त्यावर वाळकं जंजाळ, त्यावर पानांचे थर.

“हिला कोण छाटतं?” त्यांनी विचारलं, जसं काही उत्तर ठाऊक नव्हतं.

“मी, सर. दरसाल.”

“तू हिला छाटत होतास की हिची माफी मागत होतास?”

फाटेसाहेबांना आठवलं. गेल्या वर्षी सर ‘दिसत नाही’ म्हणाले तेव्हा आपणच त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, ‘सर, मी वाचून दाखवत जाईन.’ किती धन्य वाटलं होतं तेव्हा! गुरूच्या खिडकीवर स्वतः अंधार वाढवायचा आणि मग दिव्याचं पुण्य पदरात पाडून घ्यायचं. अशी सेवा ज्याला लाभली त्या गुरूला देवानेच सांभाळावं.

फाटेसाहेबांनी बाह्या सावरल्या. कात्री मागितली.

“कात्रीने काय होतंय,” ताई म्हणाली. “ही करवत घ्या.”

ते शिडीवर चढले. सर खिडकीच्या फटीतून सांगत होते. “फांदीवर जिथून कोंब फुटतो तो डोळा. बुंध्याकडून दोन डोळे मोज. त्याच्या पुढचं सगळं काप.”

“सगळं, सर? हिरवं आहे.”

“हिरवंच कापायचं असतं. वाळकं काय, आपणहून पडतं.”

पहिल्या फांदीला करवत लावताना त्यांनी डोळे मिटले. दुसरीला उघडे ठेवले. चौथीनंतर तर त्यांना चेवच आला, आणि ताईला खालून ओरडावं लागलं, “भाऊ, बास! बुंधा ठेवा!”

दुपारी ते आत आले तेव्हा कपाळावर ओरखडे होते आणि केसांत पालापाचोळा. खोलीतल्या फरशीवर खिडकीएवढा उन्हाचा चौकोन पडला होता. सर त्या चौकोनात कागद धरून बसले होते आणि अडखळत, अक्षर अक्षर जुळवत, स्वतः वाचत होते. चार ओळी त्यांनी तीनदा वाचल्या. मग मान वर केली.

“एक शब्द जास्त आहे,” म्हणाले.

सोमवारी सकाळी मॅनेजरबाईंनी कागद हातात घेतला, उलटा करून मागे पाहिलं, परत सुलटा केला.

“बाकीचं कुठाय?”

“एवढंच.”

“साहेब, दीड स्तंभ जागा आहे! आता उरलेल्या पानाचं काय करू? थोडं वाढवा ना. एखादी टीप, एखादं वाक्य. तुम्हाला काय अवघड आहे?”

फाटेसाहेबांच्या काखेतल्या पिशवीत साडेअकरा पानं होती. घरी ठेवायला जीव झाला नव्हता म्हणून बरोबर आणली होती. ती पानं आपल्या अंगावर कूस बदलत आहेत असं त्यांना वाटलं. निदान ते एक लाडकं वाक्य? ते तर बरोबर बसलं असतं. त्यांचा हात पिशवीत गेला. बाई आशेने बघत होत्या.

हात रिकामा बाहेर आला.

“राहू दे कोरं,” ते म्हणाले.

बाईंनी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलंच नाही. तेव्हा त्यांनी घाबरून विचारलं, “बरं आहे ना तुम्हाला?”

खंड तयार झाला तेव्हा पहिली प्रत घेऊन फाटेसाहेब सरांकडे गेले. वेलीवर दोन दोन डोळ्यांतून पोपटी कोंब फुटले होते. सर खिडकीशी बसले, त्यांनी खंड कपाळाला लावला आणि पहिलं पान न बघता शेवटचं उघडलं. बोट ओळींवरून सावकाश फिरलं. ओळी संपल्या, बोट खालच्या कोऱ्या जागेवर सरकत गेलं आणि थांबलं.

“इथे काय होतं रे?”

“माझं सगळं होतं, सर.”

“असं होय,” सर म्हणाले आणि त्यांनी पान मागे उलटलं. “तरीच वाचायला इतकं सोपं गेलं.”