शिट्टी काढून ठेवली

"खेळणार नाही म्हणजे?" रामाझनं लाल अंड्यांचा वाडगा टेबलावर आपटला. त्यातलं एक अंडं तडकलं. "काका, उद्या ईस्टर आहे. तुम्ही नाही तर मग कोण?"

"तू आहेस की," बाबा म्हणाला. मान वर न करता. त्याच्यासमोर टेबलभर राजम्याचे दाणे मांडलेले होते, आठ तांबडे, आठ पांढरे, आणि तो ते एका बोटानं सरकवत होता. "मंगळवारी तिबलिसीहून परीक्षक येतोय. उद्या माझा हात मोडला तर त्याला काय दाखवू? प्लास्टर?"

रामाझ बाबाच्याच संघात खेळतो. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मी चार दिवस भांडून दमले होते.

माझा बाबा, नुगझार, गावातून ओझुर्गेतीला जाणारी छोटी बस चालवतो. उरलेल्या वेळात पोरांना रग्बी शिकवतो, माझ्या जन्माच्याही आधीपासून. त्याच्याकडे दुसऱ्या पायरीचा दाखला आहे. आमचा संघ यंदा वरच्या गटात गेला, आणि त्या गटात मुख्य प्रशिक्षकाकडे तिसऱ्या पायरीचा दाखला लागतो. नसेल तर सप्टेंबरपासून कुतैसीचा माणूस येणार. सगळं ठरलेलं.

अर्ज आईनं, लामझिरानं, करायला लावला. बाबा म्हणायचा, "अगं, मी ड्रायव्हर माणूस." आई म्हणायची, "ड्रायव्हर रस्त्यावर पन्नास मिळतात. त्या पोरांना तू एकच आहेस." लेखी परीक्षा तो पास झाला. निकाल कळला तेव्हा आई दवाखान्यात होती. तिनं सगळ्या वॉर्डला सांगितलं. फेब्रुवारीत ती गेली.

आणि आमच्याकडे ईस्टरला लेलो असतो. वरचं गाव आणि खालचं गाव. मध्ये एक चामड्याचा चेंडू, आत वाळू, भुसा, वर वाइन ओतून शिवलेला, एका माणसानं उचलला तर कंबर धरते. तो ज्यांनी आपल्या बाजूच्या ओढ्यापलीकडे नेला ते जिंकले. नियम नाहीत, पंच नाही, शिट्टी नाही. जिंकणारे तो चेंडू त्या वर्षी गेलेल्या आपल्या माणसाच्या कबरीवर नेऊन ठेवतात. यंदा आम्हा खालच्यांना तो आईच्या कबरीवर ठेवायचा होता. यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. पोरांनी ठरवलेलं होतं.

आणि हा माणूस दाणे सरकवत बसलेला.

"तुझ्या परीक्षकाला, त्या बाद्रीसाहेबांना, दुसरा दिवस सांगायचा होतास," मी म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी पोरं कुठून आणू? निम्मी तुर्कस्तानात, चार बातुमीच्या गोदीत. सोळाच्या सोळा घरी असतात ते फक्त ईस्टरला. समोरासमोर आठ-आठ नसतील तर स्क्रम कसा दाखवू? या दाण्यांचा?"

मी दार आपटून बाहेर गेले.

रविवारी आम्ही हरलो. दुपारपर्यंत चेंडू आमच्या ओढ्यापासून दगड मारला तर लागेल इतका जवळ होता. मग गोचा कुठूनसा रामाझच्या पाठीवर गुडघा देऊन घुसला, आणि माणसांचा सगळा ढीग उलटा वर चढायला लागला. गोचा वरच्या गावचा. एरवी रामाझच्या खांद्याला खांदा लावून तोच खेळतो, आमच्याच संघात. संध्याकाळी वरच्यांनी चेंडू शाक्रो आजोबांच्या कबरीवर ठेवला. त्यांची गिरणी होती, माणूस चांगला होता, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

रामाझ ओढ्यात तसाच बसून होता. "एलिसो," तो मला म्हणाला, "काकूला काय तोंड दाखवू?"

घरी आले तर बाबानं अंगण झाडून ठेवलं होतं.

"हरलो," मी म्हणाले.

"ऐकलं."

"तू असतास तर हरलो नसतो."

"असं काही नसतं."

"असंच असतं! आईनं वीस वर्षं तुझे चिखलाचे शर्ट धुतले, आणि तुला एक दिवस..."

"तिनंच करायला लावलंय ना हे?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "मी ते करतोय. तू जेव."

मंगळवारी बाद्रीसाहेब आले. टक्कल, साधा माणूस, स्वतः जुना खेळाडू, दोन्ही कान स्क्रममध्ये घासून फुलकोबीसारखे झालेले. आल्या आल्या म्हणाले, "नुगझार, मी तुला ईस्टर नको म्हटलं होतं."

"पोरं आहेत, साहेब. सोळा."

पोरं होती. एकाचा डोळा सुजलेला, एक लंगडत, आणि मैदानाच्या या टोकाला खालची, त्या टोकाला वरची. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी कुंपणावर बसले. बघायला नव्हतंच यायचं मला. आले.

पळणं, पास देणं, हे ठीक झालं. बाबा छान शिकवतो, ओरडत नाही, जवळ जाऊन पाय कुठे ठेवायचा ते हातानं दाखवतो. बाद्रीसाहेब मान हलवत लिहीत होते. मला वाटलं, निघालं यातून.

मग स्क्रम, म्हणजे आठ-आठ जण एकमेकांना धरून, वाकून समोरासमोर रेटतात तो. पुढच्या रांगेत तिघं, मध्ये गोचा, त्याच्या उजवीकडे रामाझ. मधल्याचे दोन्ही हात बाजूच्यांच्या खांद्यांवर अडकलेले असतात. बाजूच्यानं नीट धरलं नाही तर तो थेट मानेवर पडतो. रामाझनं धरलं, पण कसं, तर चिमटीत उंदीर धरावा तसं. रेटा आला आणि सगळे खाली.

"अरे ए, धर ना नीट!" गोचा माती थुंकत म्हणाला.

"तुला काय, गुडघे आहेत की," रामाझ म्हणाला.

"लेलोतलं लेलोत राहू दे."

"हो का? आणि काकूचं काय?"

दुसऱ्यांदा बसवले, पुन्हा खाली. या वेळी गोचा मान चोळत उठला आणि दोघं एकमेकांच्या अंगावर. बाबा मध्ये शिरला.

"नुगझार," बाद्रीसाहेब हळूच म्हणाले, "थोडं थांब. पाणी दे त्यांना."

बाबा थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याला मान मोडायची भीती होती, आणि ज्याला ज्याच्यावर भरवसा आहे त्यानं त्यालाच धरावं, हा विचार वाईट नव्हता. जगात कुठल्याही गावात तो चालला असता.

"वरचे तिकडे," तो म्हणाला. "खालचे इकडे. बसा."

बसले. कसले बसले! प्रत्येकानं शेजारच्याला असं आवळलं की शर्ट फाटायचा आवाज आला. आठ इकडे, आठ तिकडे. चेंडू आत गेला आणि कुणाच्या तरी पोटाशी राहिला. एक पाऊल सरकले, मग दोन. बाबानं शिट्टी वाजवली. सुंदर स्क्रम होता, बाद्रीसाहेबही पुढे झुकले.

कुणी थांबलं नाही.

बाबानं पुन्हा शिट्टी वाजवली. रस्त्यापलीकडे त्सिआला आजी कोबीला पाणी घालत होती. तिनं मान वर केली, बघितलं, आणि पाण्याचा डबा टाकून ओरडली, "लेऽलोऽऽ!"

संपलं. स्क्रमचा ढीग झाला, ढीग मैदानाची रेघ ओलांडून गेला, कुंपण मोडलं. मी वेळेवर उडी मारली. बाबा शिट्टी फुंकतोय, फुंकतोय, गाल लाल, आणि ढीग चाललाय आजीच्या कोबीतून. आधी खाली सरकला, मग गोचानं खांदा घातला, आणि तो हळूहळू वर वळायला लागला. परवासारखाच. रामाझ खालून ओरडत होता, शब्द नव्हते, नुसता आवाज.

बाबानं शिट्टी तोंडातून काढली. बाद्रीसाहेबांकडे बघितलं. मग दोरी डोक्यावरून काढली, माझ्याजवळ आला आणि माझ्या गळ्यात घातली. चष्मा काढून हातात दिला.

"बाबा, परीक्षा..." मी म्हणाले. मी! चार दिवस भांडणारी.

"हो," तो म्हणाला, आणि गेला.

पन्नाशीचा माणूस, गुडघे गेलेले. पण कुठं खांदा लावायचा ते त्याला माहीत होतं. खालून, डाव्या बाजूनं, गोचाच्या बगलेखाली. ढीग थांबला. क्षणभर नुसती वाफ निघत होती. मग तो वळला आणि एकदम उतारानं आमच्या ओढ्यात कोसळला.

सगळे पाण्यात बसून हसायला लागले, वरचेसुद्धा. गोचानं रामाझला हात देऊन उठवलं. बाबा मात्र हसत नव्हता. पाण्यात उभा राहून एकेकाच्या मानेला हात लावून विचारत होता, "हलव. दुखतंय? इकडे हलव."

रामाझनं चेंडू वर धरला. साधा रग्बीचा चेंडू, ओला. "काका, चला. काकूकडे नेऊ."

"घ्या काका," गोचा म्हणाला. "आमचं काही म्हणणं नाही."

मला तर रडूच यायला लागलं होतं.

बाबानं चेंडू घेतला, शर्टाला पुसला आणि काठावरच्या पिशवीत इतर चेंडूंबरोबर टाकला. "चेंडू रविवारी शाक्रोचा झाला," तो म्हणाला. "हा सराव होता. फुकटचं नेलं तर लामझिरा मला घरात घ्यायची नाही. जा, कपडे बदला. आणि आधी आजीचा कोबी लावा."

बाद्रीसाहेब मोडक्या कुंपणापाशी उभे होते. बाबा निथळत त्यांच्यासमोर गेला.

"मी काय लिहू, नुगझार?"

"झालं ते लिहा."

"शिट्टी काढून ठेवली, हे लिहावं लागेल मला. बाकी सगळ्यातून वाट काढली असती."

"लिहा. आणि जेवायला चला, पाहुणा उपाशी नाही जाऊ द्यायचा आमच्यात."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर."

"बघू. कोंबडी गार होतेय."

ते जेवले. सोळाही जण आले, अंगणात मावेनात. गेलेल्यांसाठी पेला उचलायची वेळ आली तेव्हा बाबा उभा राहिला. पहिलं नाव त्यानं शाक्रो आजोबांचं घेतलं. मग आईचं. बाद्रीसाहेबांनी पेला तळापर्यंत रिकामा केला. जाताना मला म्हणाले, "असा खांदा बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता." पण लिहिलं त्यांनी तेच.

रात्री भांडी घासताना लक्षात आलं, शिट्टी माझ्याच गळ्यात होती. चष्मा त्यानं मागून घेतला होता. शिट्टी मागितली नाही. मी ती दाराच्या खिळ्याला अडकवली, बसची किल्ली असते तिथे, म्हणजे रोज सकाळी दिसेल. रोज सकाळी तो किल्ली घेऊन जायचा.

सप्टेंबरात कुतैसीचा माणूस आला. बाबानंच त्याला बसमधून मैदानापर्यंत आणलं, सोळामधली तेव्हा गावात असलेली नऊ पोरं कोण कुठे खेळतात ते सांगितलं, रामाझला डावीकडे ठेवू नका म्हणाला. मी खिळ्यावरची शिट्टी खिशात घालून नेली होती, त्या नव्या माणसाला लागली तर म्हणून.

त्याच्याकडे त्याची होती.