सो मेहचं ताजं विस्थापन

सो मेहच्या कळा सकाळी सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात कळलं की बाळ आडवं आहे. विस्थापितांच्या छावणीतल्या दवाखान्यात प्रे मेह ही एकटीच नर्स. तिच्या हातात होतं ते सगळं तिने करून पाहिलं. आता पोट फाडल्याशिवाय मायलेकरं वाचणार नव्हती, आणि ते काम सीमेपलीकडच्या इस्पितळातच होणार होतं. गाडीचा आणि ऑपरेशनचा खर्च विस्थापितांसाठीचा तातडीचा निधी देतो, म्हणून तिने टेकाडावर चढून निधीच्या कचेरीला फोन लावला.

“बाई छावणीत कधीपासून आहेत?” कचेरीतल्या म्यो साहेबांनी विचारलं.

“तीन वर्षं.”

“मग त्या विस्थापित कुठे, ताई? तीस दिवसांच्या आत घर गेलेलं असलं तरच तातडी. बाकीचे स्थायिक.”

“ताडपत्रीखाली स्थायिक?”

“ताडपत्रीचा रकाना नाही हो आमच्याकडे.”

म्यो माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

सो मेहचा नवरा न्गा रेह म्हणाला, “एवढंच ना? झोपडी ओढ्यापलीकडे हलवू.”

“हाडांना न विचारता?” त्याचे काका बॉ रेह कडाडले. खांब रोवण्याआधी कोंबडीच्या मांडीच्या हाडांत बांबूच्या काड्या खुपसून जागेचा कौल घ्यायचा, हे काम छावणीत त्यांचं. कोंबडी कापली. कौल आला, नाही. दुसरी कापली. तरी नाही.

“हाडं म्हणतात, आहात तिथेच सुखाने राहा,” काकांनी सांगितलं.

“सुखाने!” प्रे मेह किंचाळली. “काका, दोन दिवसांपुरतं तरी विचारा ना!”

“हाडं म्हणजे तुझी ती कचेरी नव्हे, तासातासाला नवा नियम काढायला.”

इकडे आड, तिकडे विहीर. झोपडीत सो मेह ओठ चावत होती. न्गा रेह मात्र विचारात पडला होता.

“काका, उभारायचं तर हाडांना विचारतात. आणि पाडायचं असेल तर?”

काकांनी पानाची पिंक टाकली. “पाडायला कोण विचारतं? आपलं गाव पाडलं, तेव्हा कोणी कोंबडी कापली होती?”

न्गा रेहने कोयता उचलला. शेजारीपाजारीही सरसावले. घर उभारायला सगळी वस्ती येते, मग पाडायला का नाही? “अरे मेल्यांनो, आधी चुलीवरचा भात उतरवा!” झोळीत घालून बाहेर आणलेली सो मेह ओरडली. स्वतः बांधलेलं घर न्गा रेहने हसत हसत पाडलं, पण शेवटचा खांब पडला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. प्रे मेहने कचेरीला फोटो पाठवला.

“कोणी पाडलं? सैन्य, पूर, आग की इतर?” म्यो साहेबांनी विचारलं.

“कचेरीने, म्हणून सांग,” काका म्हणाले.

प्रे मेहने ‘इतर’ सांगितलं. चार मिनिटांत मंजुरी आली.

जीप वेळेवर इस्पितळात पोहोचली. सो मेह वाचली. मुलगी जन्माला आली, पण निळसर, मुठीएवढी. तीन दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या खर्चासाठी प्रे मेहने पुन्हा फोन लावला.

“अभिनंदन!” म्यो साहेब मनापासून म्हणाले. “पण बाळ म्हणजे नवी व्यक्ती. नवा अर्ज. ते कधी विस्थापित झालं?”

प्रे मेहच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता.

“आज. आईच्या पोटातून. जबरदस्तीने, सुरी चालवून.”

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग म्यो साहेबांनी अगदी हळू विचारलं, “परत जाण्याची शक्यता?”

काचेपलीकडे ती चिमुरडी पाय झाडत होती. प्रे मेहला रडू आवरेना.

“नाही,” ती म्हणाली. “वाट शिवून टाकलीय.”

“मंजूर,” म्यो साहेब म्हणाले.