तळ्याचं दूध

१९८९ साली, वाळवंटाकडून येणाऱ्या हरमट्टानच्या ऐन कोरड्या वाऱ्यात, आमचं निम्मं गाव लंगडत तळ्याकाठी जमलं होतं. कुणाच्या घोट्यातून, कुणाच्या गुडघ्यातून नारूचा दोऱ्यासारखा जंत लोंबत होता. फार सुंदर तळं होतं ते. पहाटे बगळे उतरत. त्यात कमरेएवढ्या पाण्यात दूरगावचा वैदू अबुकारी उभा होता.

"तळं तुमची आई! आईचं लेकरू आईला परत द्या!"

तो रोग्याचा पाय बुडवी. जखमेतून दुधासारखी पांढरी धार निघे आणि आग निवे. "उतरलं विष!" विष तळ्यात जाई, मोबदल्याची कोंबडी अबुकारीच्या खुराड्यात.

माझी धाकटी बहीण सनातू पुढे सरकली, तशी मी तिचा हात धरला.

"ताई, सोड गं! जळतोय तो पाय माझा आहे."

"आणि तुझी पोरं हेच पाणी पितात, त्याचं काय?"

"त्यात मंत्र आहे ना आता!"

तेवढ्यात आमचे वुम्पिनी मास्तर बादली घेऊन आले. नारू निवारणाचं शिक्षण त्यांनी नुकतंच घेतलं होतं.

"सनातू, यात पाय घाल. उकळून गार केलेलं साधं पाणी आहे. मंत्र नाही, कोंबडी नाही."

तीच पांढरी धार निघाली. आगही तशीच निवली. मास्तरांनी त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. आत वळवळ चालली होती.

"हे विष नव्हे, नारूची पिल्लं. पाणी लागलं की मादी ती सोडते. पाण्यातले बारीक किडे या पिल्लांना गिळतात, ते किडे तुमच्या घड्यातून पोटात जातात आणि वर्षानं नारू तुमच्या पायात. हा वैदू रोग काढत नाही, पेरतोय!"

अबुकारी हसला. "बघा! आई मास्तरांच्या बादलीतही आली!"

आणि लोकांनी माना डोलावल्या. अझारा आजी म्हणाली, "मास्तर, मग तुमची कोंबडी कधी आणू?"

मी कपाळावर हात मारला. एकटी सनातू माघारी फिरली. मास्तरांनी तिचा नारू रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळून काढला आणि पाणी गाळायला दाट विणीचं फडकं दिलं.

पुढल्या वर्षी पेरणीला माणसं उठेनात. अझारा आजीच्या थोरल्या नातवाचा गुडघा कायमचा आखडला. मास्तरांनी आईला बादलीत कोंडलं म्हणून, असं ती मरेपर्यंत म्हणे. अबुकारी दुसऱ्या गावी गेला आणि तिथे मानानं मेला. मास्तरांनी वैतागून बदली मागून घेतली. नारू आमच्याकडून गेला, पण त्याला पुढे वीस वर्षं लागली.

सनातूच्या पोरांना नारू कधीच झाला नाही. लोक म्हणत, देवाची कृपा. अरे, कृपा कसली? फडकं! चमत्कार दिसला की मंत्र वगळून तोच करून बघा, आणि पाणी गाळून प्या.