अंथरुणं सहा

जीवन कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचा. त्याच्या थुंकीत टीबी निघाला, त्याच दिवशी आरोग्यसेविका जागृती गोळ्या घेऊन त्याच्या खोलीवर पोचली. गोळ्या तर द्यायच्याच होत्या. पण त्या खोलीत श्वास घेणारा प्रत्येक माणूस तपासायचा, एकही सुटू द्यायचा नाही, याची तिला जास्त घाई होती.

सकाळचे अकरा. एकच खिडकी, तीही पुठ्ठा ठोकून बंद. जमिनीवर सहा अंथरुणं, सहा माणसं.

"खोलीत किती जण राहतात?"

"छह, दीदी," जीवन म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. इथे खोली अंथरुणांवर मोजतात. दिवसपाळीचे दुसरे सहा संध्याकाळी त्याच अंथरुणांवर येऊन पडायचे, आणि लूम बंद असला की बाराही जण मांडीला मांडी लावून बसायचे. हे सगळ्यांना इतकं ठाऊक, की कुणी वेगळं सांगत नाही.

जीवन सोडून पाचही जण निरोगी निघाले. कागद पूर्ण झाला. त्या समाधानात जागृती अंबाडी गावात सप्त्याच्या कीर्तनाला गेली, देहभान विसरून टाळ्या वाजवत बसली. देवाच्या डोळ्यांसमोर बाराही जण होते; तिच्या कागदावर सहाच.

तीन महिन्यांनी जीवनचं वजन वाढलं. ही माणसं जेवतात त्या भिस्सीत जागृती पाणी प्यायला टेकली, तर चपात्या लाटणारी ठकुबाई म्हणाली, "जीवन सुधारला गो. भरतचा काय पण? नवीन आल्याला, त्याच्याच अंथरुणावर झोपाचा. खोकून खोकून रगत पडलं, तवा गेला गावाला."

"कोण भरत? सहाच तर आहेत."

"सहा?" ठकुबाईचं लाटणं थांबलं. "बाय, मी रोज बारा ताटं वाढतंय. मला इचारलंस कवा? पीठ लागल्याल्या हातांना काय कळतंय, न्हाय का?"

ऑफिसात तिनं भरतचं सांगितलं, तर साहेबांनी मान वर केली नाही. "तपासलाच नाही, तर पेशंट कसा? आणि गावी गेला, आपल्या हद्दीत नाही. खोली शंभर टक्के झालीय, कशाला उकरता, मॅडम?"

जीवनकडून नंबर घेऊन तिनं भरतला फोन लावला. सरकारी दवाखान्यात आजच जा, तोंडाला कपडा बांध, असं समजावलं.

"रुई की खांसी है, दीदी. गुड़ खा रहा हूँ."

फोनमध्ये कुणीतरी बारीक हसलं.

"पास में कौन है?"

"मुन्नी, मेरी बेटी. इतने दिन बाद बाप मिला है, गोद से उतरती ही नहीं."

"उतारो उसको, भरत. अभी."

"क्यों, दीदी?"

तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर मुन्नीनं तस्संच खोकून दाखवलं, बापाची नक्कल म्हणून.