मागच्या काचेवरचा पहारा

तो बसचा ड्रायव्हर होता, पण सगळे त्याला पायलट म्हणत. गाडी इतकी अलगद चालवायचा की मागच्या बाकावर झोपलेल्या माणसाची मानसुद्धा हलायची नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाच्या सायकलीला ओरखडा काढला नव्हता. आणि नेमकं अशाच माणसाच्या डोक्यात ते शिरलं.

वीटभट्टीच्या पुढे वळणावर एक खड्डा होता. एका सकाळी मागचं चाक त्यात गेलं, धप्प आवाज झाला आणि पायलटच्या मनात पाल चुकचुकली. खड्डाच होता ना? की माणूस? त्याने आरशात पाहिलं. रस्ता मोकळा होता. पण चाकाखाली आलेला माणूस बाजूच्या चरात पडला असेल, तर आरशात कसा दिसणार? दिवसभर हात स्टिअरिंगवर आणि जीव चरात. ड्युटी संपल्यावर रिक्षा करून तो वळणावर गेला आणि अख्खा चर पालथा घातला. त्यात पाण्याची एक रिकामी बाटली होती. त्याला इतकं हायसं वाटलं की परतताना तो शीळ घालत होता.

ते हायसं वाटणंच अंगाशी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धप्प झालं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला धीर धरवेना. आधी तो गाडी उभी करून एकटा मागे जाऊन यायचा. मग प्रवाशांसकट बसच वळवू लागला.

“दादा, काही विसरलं का?” कंडक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं.

“नाही. जरा बघून येऊ.”

“काय बघायचंय?”

“कुणी मेलंय का ते.”

प्रवासी आधी चिडले, मग घाबरले, आणि मग त्यांना सवय झाली. शेवटी रोजच्या प्रवाशांनी मिळून तोडगा काढला. शहरात दुकान असलेले एक शिंपीकाका रोज मागे बसायचे. त्यांनी मागच्या काचेला नाक लावून बसायचं आणि खड्डा गेला की ओरडायचं, “कोणी नाही.” काही दिवस छान चाललं. मग पायलट विचारू लागला, “नक्की?”

“नक्की.”

“मध्येच डोळे मिटले नव्हते ना?”

शिंपीकाका सरळ माणूस. म्हणाले, “पापणी लवली असेल एखाद वेळी.”

झालं. बस वळली. त्या दिवसापासून शिंपीकाकांवर लक्ष ठेवायला बँकेतल्या कारकुनाला बसवण्यात आलं. शिंपीकाका रस्त्याकडे बघायचे, कारकून शिंपीकाकांकडे, आणि पायलट आरशातून त्या दोघांकडे. पुढच्या रस्त्याकडे बघायला कोणी उरलंच नाही.

बरं, वळवलेली बस त्याच खड्ड्यातून परत जायची. पुन्हा धप्प. म्हणजे मेलेल्याला बघायला जाताना आणखी कुणाला चिरडलं का, हे बघणं आलं. एकदा तर अख्खी सकाळ बस भट्टीपाशी घुटमळत राहिली. भट्टीवरचे कामगार दर फेरीला हात करत होते. दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्या एका बाईंचा दात तेवढ्यात दुखायचा थांबला आणि त्या उतरून चालत घरी गेल्या.

घरी तऱ्हा वेगळी नव्हती. पायलट रोज संध्याकाळी सरकारी दवाखान्यात फोन लावायचा. तिथली ऑपरेटर आवाज ओळखून आधीच सांगायची, “आज तुमचं कोणी आलेलं नाही.” बायको समजूत काढायची, “अहो, तुमच्या हातून मुंगी मरायची नाही.” ती समजूत जेमतेम हातपाय धुवेपर्यंत टिकायची. मग तो पुन्हा विचारायचा, ती पुन्हा सांगायची. सांगून सांगून तिचा घसा बसला.

शेवटी डेपो मॅनेजरने बोलावून घेतलं. “पुढच्या थांब्यावरचे लोक म्हणतात बस येतच नाही. अलीकडचे म्हणतात, तीच बस सारखी सारखी येते. पायलट, माझी मती गुंग झाली आहे. रजा घ्या आणि कुणाला तरी दाखवा.”

बायकोने त्याला मनोविकारांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई शांतपणे सगळं ऐकत राहिल्या. खड्ड्याचं ऐकताना हसल्या नाहीत, पण शिंपीकाकांच्या पापणीपाशी त्यांना हसू आवरलं नाही.

“धप्प झालं की असा विचार कुणाच्याही मनात येतो,” त्या म्हणाल्या. “येतो आणि जातो. तुमचा जात नाही, कारण तुम्ही दर वेळी त्याला बसायला खुर्ची देता. हा आजार आहे. तुमचा स्वभाव नाही आणि वेडही नाही.”

“मला फक्त एकदा पक्की खात्री करून द्या. मग मी कुणाला त्रास देणार नाही.”

“खात्रीचीच तर त्याला भूक आहे. जितकी घालाल तितकी वाढेल.”

त्यांनी गोळ्या दिल्या आणि सराव सांगितला. खड्ड्यावरून जायचं आणि मागे वळून बघायचं नाही. भीती वाटेल, तिला वाटू द्यायचं. आणि त्याने विचारलं तर कुणीही धीर द्यायचा नाही. एवढंच म्हणायचं, “असेलही. सांगता येत नाही.”

बायको चपापली. “म्हणजे नवऱ्याला सांगायचं की मारलं असेल तुम्ही कुणाला?”

“हो. आणि मग जेवायला वाढायचं.”

सरावाला डेपोच्या आवारात एक जुनी रिकामी बस मिळाली. वाटेत वाळूचं पोतं टाकलं होतं. मॅनेजर स्वतः मागच्या बाकावर बसायचा आणि दर धक्क्याला मोठ्या आवाजात म्हणायचा, “असेलही.” हे त्याला फारच आवडलं; ऑफिसात रजा मागायला आलेल्यांनाही तो तेच उत्तर देऊ लागला. पायलटला पहिल्या दिवशी उलटी झाली. पुढे पुढे नुसता घाम फुटायचा. डॉक्टरीणबाईंनी होकार दिला, तेव्हा त्याला पुन्हा जुन्या रस्त्यावर पाठवलं.

कंडक्टरबाईंनी प्रवाशांना सगळं समजावून ठेवलं होतं. वळण आलं. धप्प.

पायलटने समोरच बघत विचारलं, “बाई, काही होतं का?”

“असेलही,” तिकीट फाडता फाडता त्या म्हणाल्या.

“शिंपीकाका?”

शिंपीकाकांच्या अगदी जिवावर आलं. काचेकडे पाठ करून, मान खाली घालून ते पुटपुटले, “सांगता येत नाही रे बाबा.”

“असेलही,” कारकून म्हणाला. मग बाकीचेही एकेक करून तेच म्हणू लागले. मोठी बॅग घेऊन बसलेला एक नवखा प्रवासी उभाच राहिला. “म्हणजे आपण माणूस चिरडून चाललोय?”

“असेलही,” शेजारच्या आजी म्हणाल्या आणि त्यांनी त्याला जरा सरकून बसायला सांगितलं. तो पुढच्याच थांब्यावर उतरला.

बस वळव, असं पायलटचं सगळं अंग ओरडून सांगत होतं. पुलापर्यंत ती भीती तशीच राहिली. बाजारापाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती थोडी सैल झाली आहे, आणि त्यासाठी कुणी काहीच केलेलं नाही. बस वेळेवर पोहोचली. उशिराची सवय झालेल्या कारकुनाला बँकेचं दार अजून बंदच मिळालं. तो गोंधळून पायरीवर बसून राहिला.

पुढे एकदा बाजारात बसची बाजू कुंड्यांच्या हातगाडीला खरोखर घासली आणि दोन कुंड्या फुटल्या. पायलट टुणकन खाली उतरला.

“मीच धडकवली,” तो गाडीवाल्याला म्हणाला. “शंकाच नाही.”

भांडायला बाह्या सरसावलेल्या गाडीवाल्याने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. “हसताय कशाला?”

“खरंच झालं म्हणून.”

त्याने स्वतः खापऱ्या गोळा केल्या. गाडीवाल्याने कंडक्टरबाईंना हळूच विचारलं, “हे बरे आहेत ना?”

“होताहेत,” त्या म्हणाल्या.

त्याने मोठ्या उत्साहाने ही हकीगत डॉक्टरीणबाईंना सांगितली. “म्हणजे खरं घडलं की मला लगेच कळतं. ब्रेकवर पाय जायच्या आधी कळलं. शंका आली म्हणजे काही घडलेलं नाही, हे पक्कं ना?”

“छान,” त्या म्हणाल्या. “आता याचाही पुरावा करत बसू नका.”

पायलट जरा हिरमुसला. घरी परतताना नवराबायको दुसऱ्याच कुणाच्या बसमध्ये बसले होते. ड्रायव्हर तरुण होता, गाडी बेताची चालवत होता. एका वळणावर धप्प झालं. पायलटची मान अर्धी वळली, तिथेच थांबली आणि सावकाश पुढे आली. बायकोने पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, संध्याकाळी भाजी कोणती करायची.