जयवंताबाईचं पुठ्ठ्याचं घर

धरणाचं पाणी यायचं होतं म्हणून तेलंगणातलं करंजझरी गाव उठवलं. जयवंताबाईचं घर मशीननं पाडलं त्या दिवशी ती आदिलाबादला दवाखान्यात होती, मुलीच्या, नेहाच्या, ऑपरेशनसाठी. आठ दिवसांनी मायलेकी परतल्या तर घराच्या जागी सपाट माती होती. नव्या वसाहतीत ज्यांना प्लॉट मिळणार होते त्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. थोरले दीर भगवंतराव यांचं नाव होतं, त्यांच्या मुलाचं, संतोषचं होतं, आणि संतोषच्या नावापुढं लिहिलं होतं, 'गोठा एक.' तो गोठा म्हणजे जयवंताबाईचं घर.

तिचा नवरा चंपत जाऊन नऊ वर्षं झाली होती. भावाभावांत वाटणी तोंडीच झालेली. रेशनकार्ड एकत्र, विजेचं मीटर भगवंतरावांच्या नावावर. पुनर्वसनाच्या ऑफिसात कारकुनानं सांगितलं, वेगळी चूल आणि वेगळं कवाड होतं असं दाखवा, मग बघू. सुनावणी तीन आठवड्यांनी होती. दाखवायला तिच्याकडं एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात घराची हातभर भिंत आली होती.

बाजारहत्नूरला एक टिनाची खोली भाड्यानं घेऊन दोघी राहत होत्या. जयवंताबाई बाजारात भाजी विकायची. एका संध्याकाळी तिनं किराणा दुकानातून रिकामी खोकी आणली, मैद्याची खळ शिजवली आणि नेहाला म्हणाली की आपण घर करू. शाळेत असताना नेहानं पुठ्ठ्याचं देऊळ केलं होतं, ते आईच्या लक्षात होतं. नेहाला हे पटलं नाही.

"आई, तिथं शिक्क्याचा कागद मागतेत. कागदाचं घर नाई मागत."

"शिक्का नाई माह्यापाशी," जयवंताबाई म्हणाली. "घर हाय. मले ते पुरं ध्यानात हाय."

मग रोज बाजार उठला की काम सुरू व्हायचं. एका हाताला दोन बोटं असं माप धरलं. भिंत नऊ हात, म्हणजे अठरा बोटं. वर्तमानपत्राच्या पट्ट्या सायकलच्या तारेवर गुंडाळून, मधोमध चिरून, नेहानं कवेलू, म्हणजे छपराची कौलं, केले, सहाशेच्या वर. जयवंताबाईनं चहाच्या पाण्यानं ते रंगवले. ओट्याची एक बाजू खचलेली होती, तीही तशीच केली. आत पुठ्ठ्याची चूल, जातं, मडक्यांची उतरंड, देवाची फळी. छप्पर उचलून आत बघता येईल असं ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात ती बिथरली. कवाड किती रुंद होतं ते आठवेना. वीस वर्षं त्यातून आत-बाहेर केलेलं, आणि आता डोळे मिटले की नुसती मशीननं सपाट केलेली माती दिसायची. तिनं समोरची भिंत तीनदा मोडली. चौथ्यांदा मोडायला लागली तेव्हा नेहानं तिचे हात धरले. जयवंताबाई खळीच्या हातांनीच तोंड झाकून रडली. मग उठून ती कवाडातून डोक्यावर भारा घेऊन शिरावं तशी दोन-तीनदा खोलीत वाकून चालली, आणि म्हणाली, "अडीच हात."

सुनावणीला घर भाजीच्या क्रेटमध्ये घालून, वर लुगडं झाकून, त्यांनी बसनं नेलं. ऑफिसात भगवंतराव आधीच बसले होते. जयवंताबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती थोरल्या दिरासमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती.

साहेब तेलुगू बोलणारे होते. मराठी समजणारा कारकून मध्ये दुभाषा म्हणून बसला. साहेबांनी क्रेटमधलं घर टेबलावर ठेवून घेतलं, चारी बाजूंनी पाहिलं, मग दोन बोटांनी छप्पर उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिले. भगवंतरावांना त्यांनी जवळ बोलावलं. भगवंतराव वाकले. ते घर त्यांनी आणि चंपतनं मिळून बांधलं होतं, एका उन्हाळ्यात. ते बघत राहिले आणि आपल्याशीच बोलावं तसं हळू म्हणाले, "चुलीमागं खांब होता. सागाचा. तो राह्यला."

उतरंडीमागं झाकलेला तो खांब जयवंताबाई खरंच विसरली होती.

साहेबांनी विचारलं, हे काय म्हणाले. कारकून म्हणाला, एक खांब कमी आहे म्हणतात. तेव्हा नेहा उठली. तिचं शिक्षण तेलुगूत झालेलं. तिनं सरळ साहेबांना सांगितलं की काका 'चुलीमागं' म्हणाले, आणि गोठ्यात चूल नसते. साहेबांनी भगवंतरावांकडं पाहिलं आणि नीट विचारून घ्या म्हणून कारकुनाला सांगितलं.

भगवंतरावांनी पुठ्ठ्याच्या चुलीवरून नजर काढली. "म्या तसं काई म्हटलं नाई," ते म्हणाले. "गोठाच होता."

साहेबांनी छप्पर जागेवर ठेवलं. काम फार चांगलं आहे असं ते म्हणाले. पण पुरावा म्हणून ते घेता येत नव्हतं. गावातल्या दोघांनी लिहून दिलं तर पुन्हा अर्ज करता येईल, मुदत महिनाभराची. गाव तर पाच ठिकाणी पांगलं होतं, आणि ज्यांना प्लॉट मिळाले होते त्यांना कुणाच्या भानगडीत पडायचं नव्हतं.

बसस्टँडवर दोघी क्रेट मांडीवर घेऊन बसल्या असताना भगवंतराव आले. ते थोडं लांब उभं राहून नेहाला म्हणाले की तो गोठा आपला दाखवला म्हणूनच संतोषला मोठा प्लॉट मिळाला आहे. आता शब्द फिरवला तर त्याचाही जाईल, अशी भीती आहे.

जयवंताबाईनं पदर मागं सारला. भगवंतरावांनी मान वळवली, पण ती त्यांच्याकडं बघूनच बोलली.

"भाऊजी, खांब कुठं होता ते दाखवा."

ते खाली बसले. छप्पर काढून त्यांनी बोटानं जागा दाखवली, चुलीच्या मागं, भिंतीपासून बोटभर. चंपतनं तो नाल्यातून एकट्यानं ओढत आणला होता, म्हणाले. बोट तिथंच राहिलं. नेहानं पेन्सिलीनं खूण केली.

"आता हेच तिथं सांगा," जयवंताबाई म्हणाली. "पंचवीस पावलांवर हाय ऑफिस."

भगवंतरावांनी बोट काढून घेतलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, रस्ता ओलांडून गेले, आणि उटनूरच्या जीपमध्ये मागं जाऊन बसले. जीप भरायला वेळ लागला. तेवढा वेळ त्यांनी इकडं पाठ करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी जयवंताबाईनं भाजी लावली नाही. तिनं नेहाला करंजझरीच्या घरांची यादी करायला लावली, कोण कुठल्या वसाहतीत गेलं ते लिहून. सगळ्यात आधी ती क्रेट घेऊन जुन्या शेजारणीकडं, देवकाबाईकडं, गेली. चुलीतला विस्तव न्यायला ती वर्षानुवर्षं जयवंताबाईच्या दारात यायची. देवकाबाईनं चहा पाजला, छप्पर उचलून आतलं सगळं पाहिलं, तोंडाला पदर लावला, आणि म्हणाली की घरचे मला सही करू देणार नाहीत.

जयवंताबाईनं यादीवर तिच्या नावावर रेघ ओढली. क्रेट डोक्यावर घेतला आणि यादीतल्या पुढच्या नावाचं, अमृतरावांचं, घर दुसऱ्या गल्लीत कुठलं, हे ती पोरांना विचारायला लागली.